फ्लोरामावशींचा नवस

सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर एका दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी ठोकलेली होती. कुरिअरवाला त्या घरचं पार्सल चुकून आमच्याकडे टाकून गेला होता आणि वर 'दिवेकर' असं नाव वाचून, म्हणजे आपल्यातलेच, अशा भरवशावर मी ते पोचवायला गेले होते. ती डबी मला बेल वाटली. मी दाबली. पुन्हा दाबली. "मेली वाजत कशी नाही," असं पुटपुटले, तोच दार उघडलं. दारात गुजरी काठाची साडी नेसलेल्या, ठेंगण्या, साठी ओलांडलेल्या बाई उभ्या होत्या.

"ती वाजत नाही गं. ती मेझुझा आहे, आत प्रार्थनेचा कागद असतो. येता-जाता हात लावायचा असतो, ढोसायचं नसतं. बेल इकडे आहे."

"सॉरी हं. दिवेकर म्हटल्यावर मला वाटलं, आपल्यातलेच."

"आपल्यातलेच की. मूळचे दिवेआगरचे, आता अलिबागचे. फक्त ज्यू आहोत. चहा घेणार ना?"

अशा त्या माझ्या फ्लोरामावशी झाल्या. ठाण्याच्या एका शाळेत त्यांनी तीसेक वर्षं मराठी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्या तरी ते शिकवणं काही थांबलं नव्हतं. "मी तुमची मदत करू का?" असं कुणी म्हटलं, की त्या हातातली जड पिशवीसुद्धा द्यायच्या नाहीत. आधी "तुम्हाला मदत करू का" असं म्हणवून घ्यायच्या, मग पिशवी. माझ्या नवऱ्याने तर धसका घेऊन त्यांच्यासमोर इंग्रजीच बोलायला सुरुवात केली होती.

शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या, विश्रांतीच्या दिवशी, मावशी काही म्हणजे काही करत नसत. गॅस पेटवायचा नाही, पेन्सिल उचलायची नाही, लिफ्टचं बटण दाबायचं नाही. आमच्या कोकणातल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणायचे, असं त्या ऐटीत सांगायच्या, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे. शनिवारी खाली फिरून आल्या की लिफ्टमध्ये जाऊन गुपचूप उभ्या राहायच्या, कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत. ब्लॉकमधल्या चिनी आज्यांना हे पाठ झालं होतं. "आंटी, एट, राइट? आय प्रेस लाह," म्हणून त्या आपणहून दाबायच्या. सांगून दाबवून घेणं मावशींना मंजूर नव्हतं, पण कुणी आपल्या मनाने दाबलं तर त्याला त्या काय करणार!

त्या सिंगापूरला आल्या होत्या लेकीसाठी. रीनाला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा सगळं मुसळ केरात गेलं होतं. आता तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलेली. जावई डॅनियल चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत होता, सकाळी जायचा तो रात्रीच यायचा. मावशींनी येतानाच एलियाहू हन्नाबीला नवस बोलून ठेवला होता, की सगळं सुखरूप पार पडू दे, मलिदा करीन.

"पुढारी खातात तो मलिदा नव्हे," त्यांनी मला समजावलं. "भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं आणि खजूर. ताट मधे ठेवायचं, एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं, आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी खायचं. आमचा हा प्रेषित रथातून स्वर्गात जाताना आमच्या अलिबागजवळ टेकला होता. खडकावर चाकाची खूण आहे. तू पुण्याची, तुला खोटं वाटेल."

मला खोटं वाटलं नाही. पुण्यात आम्हीही दगडांना बरंच काही मानतो.

त्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर मिस्टर लास्लो राहायचे. मूळचे हंगेरीचे, वय ऐंशीच्या पुढे, उंच, वाकलेले, डोक्यावर कायम एक कापडी टोपी. मुलगा इथे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा, सून इथलीच, चिनी. व्यायाम म्हणून म्हातारा रोज एकेका मजल्याचा कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. एक दिवस ते आठव्या मजल्यावर त्या पितळी डबीसमोर थांबले ते थांबलेच. मावशी पापलेट तळत होत्या. जाळीच्या दारातून त्यांना टोपी दिसली.

"यू आर फ्रॉम?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अलिबाग."

"ज्यू?"

"दोन हजार वर्षांपासून."

"साडीत?"

"मग काय ओव्हरकोट घालू? अलिबागला?"

हे सगळं इंग्रजीत झालं, पण मावशींनी मला मराठीत इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते मराठीतच आठवतं. म्हातारा आत आला, पापलेट खाल्लं आणि मावशींनी त्यांना आपल्या लोकांची गोष्ट सांगितली. पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यापाशी फुटलं, त्यातून सात जोडपी देवाच्या कृपेने वाचली आणि त्यांचे आम्ही वंशज. ही गोष्ट त्यांनी शाळेत, लग्नाकार्यात, शेजारपाजारी शेकडो वेळा सांगितली असेल. मिस्टर लास्लोंनी काटा काढत विचारलं, "जहाजावर एकूण माणसं किती होती?"

मावशींना सांगता येईना. बाकीचे नवगावच्या किनाऱ्यावर पुरले आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. "इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नाही," त्या मला म्हणाल्या. त्यांना ते लागलं होतं असं मला वाटतं, पण तेव्हा त्या हसल्या.

मिस्टर लास्लो पोरवयात नाझींच्या छळछावणीत होते. त्यातून वाचलेले घरातले ते एकटे. देवाला त्यांनी केव्हाच रजा दिली होती, पण दर आठवड्याला ब्लॉकखालच्या दुकानात रांगेत उभे राहून फोर-डीचं लॉटरीचं तिकीट मात्र घ्यायचे आणि लगेच कुणालातरी देऊन टाकायचे. स्वतःजवळ का ठेवत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझी एकदा लागलेली आहे. दुसऱ्यांदा लागली तर लोकांना संशय येईल."

त्यांनी आपली हकीकत लिहून काढली होती. मुलाने ती टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून घरातल्यांसाठी पाच-सहा प्रती काढल्या होत्या. मावशींनी ती एका बैठकीत वाचली आणि जाहीर केलं, की हे मराठीत आलंच पाहिजे. आमच्या माणसांनी हे कुठे भोगलंय? आम्हाला हिंदुस्थानात कधी कुणी बोट लावलं नाही. आमच्या पोरांना कळू दे. मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरी बसलेली, आणि मला मराठी टाइप करता यायचं, त्यामुळे मी आपोआप लेखनिक झाले.

दुपारी रीना झोपली की आम्ही बसायचो. मावशी येरझारा घालत सांगायच्या, मी टाइप करायचे. मग शुक्रवारी सकाळी खालच्या कॉफीशॉपमध्ये मिस्टर लास्लोंसमोर वाचन. मावशींची ही शिस्त होती. मराठी पान हातात धरून त्या त्याचं पुन्हा तोंडी इंग्रजी करायच्या, म्हाताऱ्याला कळावं की आपण त्याचं काय केलंय. म्हातारा काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, कॉफीत बुडवत ऐकायचा आणि अधूनमधून "येस, टीचर" म्हणायचा.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी छावणीच्या फाटकाचा प्रसंग आला. पुस्तकात तो अगदी थोडक्यात होता. दोघे भाऊ रांगेत चाललेले. थोरला मिक्लोश धट्टाकट्टा, हा किडकिडीत. चिखलात याचा बूट रुतला. तो काढायला हा वाकला, रांग पुढे सरकली, पहारेकऱ्याने चिडून याला समोर दिसली त्या रांगेत ढकललं. ती रांग कामाला गेली. मिक्लोशची गेली नाही. शेवटी एकच वाक्य होतं, "माझा बूट अडकला, बस."

मावशींनी सांगितलं होतं आणि मी डोळ्याची पापणी न लववता टाइप केलं होतं, "माझा बूट चिखलात रुतला. देव तारी त्याला कोण मारी!" पुढे उद्गारचिन्ह. आमच्या दोघींच्याही अंगावर काटा आला होता आणि मराठीत अशा ठिकाणी दुसरं लिहितात तरी काय?

मावशींनी प्रामाणिकपणे त्याचं इंग्रजी केलं. देव ज्याला वाचवतो, त्याला मारणारा कोण.

मिस्टर लास्लोंनी टोस्ट बशीत ठेवला. "टीचर, हे माझ्या पुस्तकात आहे?"

"नाही. ही आमची म्हण आहे. बोलायची पद्धत आहे."

"म्हणजे मला देवाने वाचवलं."

"तसं म्हणतात."

"आणि ज्याला वाचवायचं त्याला कुणी मारू शकत नाही. मग मिक्लोशला मारलं, म्हणजे त्याला वाचवायचं नव्हतं. बरोबर? तुमच्या सुंदर भाषेत तुम्ही माझ्या भावाविरुद्ध निकाल देऊन टाकलात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पुढे त्यांनी सांगितलं, की छावणीत ते रोज प्रार्थना करायचे. श्रद्धा गेली ती सुटून गावी परत आल्यावर. गावातला एक वडीलधारा गळ्यात पडून म्हणाला, देवाने तुला काहीतरी कामासाठी ठेवलंय. "मी विचारलं, मिक्लोशसाठी त्याच्याकडे काहीच काम नव्हतं का? म्हातारा चांगला होता. रडला. मी त्यानंतर प्रार्थनेला गेलो नाही."

मावशींनी पिशवीतून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. पोरांच्या वह्यांवर मारायच्या तशी ठसठशीत, लांब रेघ. चेहरा पार उतरला होता. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला म्हाताऱ्याचा. एवढ्याशा म्हणीवरून!

पण ती म्हण गेली आणि बाकीचं धडाधड कोसळायला लागलं. मावशी सांगता सांगता अडायच्या. मिक्लोश "देवाघरी गेला" म्हणता येईना. भाकरीचा तुकडा मिळाला तर "देव पावला" चालेना. "देवाने बुद्धी दिली", "देवाची करणी", "देवाक् काळजी" सगळं बाद. "ही भाषा देवाशिवाय चार पावलं चालत नाही गं," त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लंगडते." मला हसू यायचं. त्यांना येत नव्हतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की हे भाषेपुरतं राहिलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना त्या मेणबत्त्या लावायच्या, डोळ्यांवर हात घ्यायच्या आणि नुसत्याच उभ्या राहायच्या. बाहेर पडताना त्या पितळी डबीकडे हात जायचा आणि अर्ध्यातून खाली यायचा. रात्री झोप लागत नाही म्हणायच्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रीनाला आठवा महिना लागला होता, तिला वाटायचं आई आपल्या काळजीने झुरतेय. तेही खरंच होतं.

एका दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मुग्धा, मला प्रार्थना करता येत नाहीये. तोंड उघडलं की मिक्लोश समोर येतो. माझ्या रीनाला वाचव म्हणायचं, म्हणजे कुणाच्या तरी रीनाला नाही वाचवलंस ते ठीक केलंस, असंच ना? त्या छावणीत कुणी आई प्रार्थना करत नव्हती होय?"

"मग नका करू, मावशी. डॉक्टर आहेत ना."

"तेही जमत नाही. तो असला तर? मी नवस बोलून बसलेय आणि आता तोंड फिरवलंय. त्याचा राग पोरावर निघाला तर? दोन गेली आहेत गं आमची." आणि त्या ओट्याला टेकून रडायला लागल्या.

मी म्हटलं, "तुमच्या वतीने मी सत्यनारायण बोलू का?"

मावशींनी पदराने नाक पुसलं. "नको बाई. तुमचा तर नुसता प्रसाद चुकला तरी जहाज बुडवतो. आमचं एकदा बुडालेलं आहे." आणि रडता रडता त्या अशा हसत सुटल्या की रीना आतून "काय झालं, आई?" म्हणून ओरडली.

दुसऱ्या दिवशी त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतलं. मिस्टर लास्लोंची सून देव्हाऱ्यासमोर उदबत्त्या लावत होती आणि म्हातारा तिच्यासाठी काडेपेटी धरून उभा होता. मावशींनी सगळं सांगून टाकलं. तुमच्या पुस्तकाने माझी प्रार्थना गेली, असंही म्हणाल्या. तक्रारच होती ती.

म्हाताऱ्याने काडेपेटी सुनेच्या हातात दिली. मग म्हणाला, "माझा मुलगा जन्मला तेव्हा मला कुणाचे तरी आभार मानायचे होते. फार मानायचे होते. मी नर्सचे मानले. पुरले नाहीत. दिवसभर गावातून हिंडलो, दिसेल त्याला थँक यू म्हणत. लोकांना वाटलं, मी प्यायलोय." ते हसले. "तुम्हाला पत्ता ठाऊक आहे, टीचर. मला त्याचा हेवा वाटतो. तुम्ही खुशाल विश्वास ठेवा. फक्त मला पुरावा म्हणून उभं करू नका. मी वाचलो, तो नशिबाचा भाग. मिक्लोश गेला, तोही."

"आणि नवस?"

"तुमच्या बाळाला माझं पुस्तक वाचायची घाई नाही. आधी येऊ दे त्याला."

त्यानंतर आठवडाभरातच रीनाला रक्तस्राव सुरू झाला. सकाळची वेळ होती. डॅनियल घरीच होता हे बरं. ॲम्ब्युलन्स आली, तो तिच्याबरोबर गेला, मावशींना जागा नव्हती. मी वर आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होत्या. मी टॅक्सी बोलावते म्हटलं तर नको म्हणाल्या, पाय उचलत नाहीत म्हणाल्या. थोड्या वेळाने मिस्टर लास्लो आले, खालच्या आज्यांनी त्यांना सांगितलं होतं. ते स्टूल ओढून मावशींच्या शेजारी बसले. म्हाताऱ्याने फडकं घेतलं आणि मावशी घासून देतील ते पातेलं पुसून परत त्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली.

दुपारी फोन वाजला. मावशींनी उचलला नाही, मी उचलला. ऑपरेशन करावं लागलं होतं. मुलगा झाला होता, अगदी चिमणा, काचेच्या पेटीत ठेवला होता, पण रडला होता जोरात. रीना शुद्धीवर आली होती.

"देवा!" मावशी ओरडल्या. केवढ्याने! आणि लगेच तोंडावर हात ठेवून मिस्टर लास्लोंकडे पाहिलं, वर्गात बोलताना पकडलेल्या पोरीने पाहावं तसं.

"दॅट इज अलाउड," म्हातारा म्हणाला आणि डोळे पुसायला चष्मा काढला. हातात पातेलं पुसायचं फडकं होतं, त्यानेच पुसले.

बाळ घरी आलं, अंग धरू लागलं, मग मलिदा ठरला. रविवार होता. डॅनियलच्या ओळखीची दोन कुटुंबं, मी, नवरा, आमची मुलगी आणि मिस्टर लास्लो. मावशींनी वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या मंडईतून, चार नारळ आणले होते, खोबरं मीच खवलं. मधे ताट, त्यात पोह्यांचा ढीग, भोवती केळी, सफरचंद, खजूर, वर गुलाबाचं फूल. डॅनियलने हिब्रूतून प्रार्थना म्हटली, मग सगळ्यांनी एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं. मला चाल भजनासारखी वाटली, मी टाळ्या धरल्या. मिस्टर लास्लो दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

गाणं संपल्यावर मावशींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला धास्तीच वाटली. त्या ताटाकडे बघत मराठीत बोलल्या. "देवा, तेव्हा तू कुठे होतास ते मला कळत नाही. तुझ्या वतीने मी कुणाला उत्तर देणार नाही, ते तुझं तू दे. आमची पोर वाचली, नातू वाचला. आम्हाला फार आनंद झालाय. तो सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तुला सांगतेय. आमेन."

डॅनियल जरा चपापला, मग त्यानेही आमेन म्हटलं. ताटल्या भरायला सुरुवात झाली. मी मिस्टर लास्लोंना त्यांची ताटली दिली, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. "काय म्हणाली ती?"

मी जमेल तसं इंग्रजी केलं. माझ्या इंग्रजीला मावशींची सफाई नाही, पण त्यांनी एकेक शब्द ऐकला.

"माझं नाव घेतलं?"

"नाही. तुमचं नाही, मिक्लोशचंही नाही."

"गुड," ते म्हणाले आणि खायला लागले. संपवल्यावर ताटली पुन्हा पुढे केली.

फ्लोरामावशींना मी सिंगापुरात पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो, परत येईपर्यंत डॅनियलची बदली होऊन ते सगळे निघून गेले होते. भाषांतर त्यांनी ठाण्यात पुरं केलं, हे मला नंतर फोनवर कळलं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात ताटल्या विसळून बाहेर आले तर हॉलमध्ये नुसता गोंधळ चालला होता. पोरं सोफ्यावरून उड्या मारत होती, कुणीतरी फोटोसाठी ओरडत होतं, बाळ रीनाच्या मांडीवर भोकाड पसरून रडत होतं. आणि त्या गलक्यात मावशी भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, चक्क घोरत होत्या. मिस्टर लास्लो आपली खुर्ची उचलून त्यांच्यापुढे येऊन बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. माझी मुलगी "फ्लोराआजी!" करत धावत आली, तशी त्यांनी तिला हाताने अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"टीचर झोपलीय," ते कुजबुजले.